मंगोलियन ग्रिल नेमकं आलं कुठून

वाटी घ्यायची, काउंटरवरून पुढे सरकत त्यात आपल्याला हवं ते मांस, भाज्या, नूडल्स भरायचे, वरून सॉसचे दोन-चार डाव ओतायचे आणि भल्यामोठ्या गोल तव्यामागे उभ्या असलेल्या माणसाच्या हातात द्यायची. दोन-तीन मिनिटांत तो लांब काठ्यांनी सगळं परतून गरमागरम परत देतो. अशी रेस्टॉरंट्स आता बऱ्याच देशांत आहेत आणि बहुतेकांच्या पाटीवर मंगोलियन, खान नाहीतर चंगेज असं काहीतरी असतंच. सोबत एक गोष्टही सांगतात, की मंगोल सैनिक स्वारीवरून आले की तलवारीने मांस कापायचे आणि ढाली आगीवर उलट्या ठेवून त्यावर भाजायचे. ऐकायला भारी वाटते पण या गोष्टीला पुरावा काहीच नाही, आणि 1246 मध्ये मंगोल दरबारात जाऊन आलेला पोपचा दूत कार्पिनी याने त्यांच्या ढाली वेताच्या-काटक्यांच्या असतात असं लिहून ठेवलंय, मग त्या आगीवर ठेवल्या तर काय होणार ते सांगायलाच नको.

खऱ्या मंगोलियन स्वयंपाकात असं तव्यावर परतणं हा प्रकार मुख्य नाहीच. तिकडचा मोठा मानाचा पदार्थ म्हणजे खोरखोग, म्हणजे बोकडाचे किंवा मेंढीचे मोठे तुकडे आणि आगीत लालबुंद तापवलेले गोटे थर लावून धातूच्या भांड्यात, आजकाल बरेचदा दुधाच्या कॅनमध्ये, भरायचे आणि झाकण घट्ट लावून दगडांच्याच उष्णतेवर शिजू द्यायचं. जेवताना ते चरबीने माखलेले गरम दगड लोक या हातातून त्या हातात झेलत फिरवतात, तब्येतीला चांगलं असतं म्हणून. सॉसची रांग वगैरे भानगड नाही, मीठ असलं की झालं. आणि आपल्या वाटीत काय काय असतं तेही बघा ना, सिमला मिरची, बेबी कॉर्न, अननस, शेंगदाणे, लाल तिखट, हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. कोलंबस तिकडे पोचला 1492 मध्ये आणि चंगेज खान गेला 1227 मध्ये.

मग हे आलं कुठून? तर तैवानमधून, 1951 साली, तैपेईतून. आणि ज्याच्या नावावर हा शोध जातो तो माणूस खानसामा नव्हता, तो होता विनोदी कलाकार, वू झाओनान. चीनमध्ये श्यांगशंग नावाचा कलाप्रकार आहे, बहुतेक वेळा दोन जण झटपट संवादातून हसवतात, त्यातलं हे मोठं नाव, आणि वेई लोंगहाओ या जोडीदाराबरोबरची त्यांची रेकॉर्डिंग्ज तैवानमध्ये खूप गाजली. मूळचे बीजिंगकडचे, चीनच्या यादवी युद्धात माओच्या कम्युनिस्टांपुढे चँग कै-शेकचं सरकार हरलं आणि 1949 मध्ये सैनिक, कारकून, मास्तर, कलाकार, व्यापारी असे लाखो लोक समुद्र ओलांडून तैवानला आले त्या लोंढ्यातले. परत कधी जाता येईल याचा कुणालाच पत्ता नव्हता आणि पोट तर भरायचं होतं. मग अशा अनेकांनी जे केलं तेच वूंनी केलं, आपल्या गावच्या चवीचा स्टॉल टाकला.

ती चव म्हणजे बीजिंगचं काओरोउ, म्हणजे भाजलेलं मांस, आणि मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातला सगळ्यात रसदार भाग हाच आहे. बीजिंगमध्ये यासाठी दोन दुकानं प्रसिद्ध, दक्षिणेकडचं काओरोउ वान आणि उत्तरेकडचं काओरोउ जी, दोन्ही हुई मुस्लिम घराण्यांची. पहिलं आपली सुरुवात 1686 ची सांगतं, दुसरं 1848 ची, वानचं नाव गोमांसासाठी आणि जीचं मेंढीच्या मांसासाठी. मांस इतकं पातळ कापायचं की आगीवर पडताच वळलं पाहिजे, मग सोया सॉस, व्हिनेगर, कोळंबीचं तेल, आलं, कांद्याची पात, कोथिंबीर यात घोळवायचं. भाजायला लोखंडी पट्ट्या एकमेकींना जवळजवळ लावून बनवलेली मोठी गोल जाळी, खाली लाकडाचा जाळ, आणि पट्ट्यांमधल्या फटींत वर्षानुवर्षांची चरबी बसून ती जाळी काळी कुळकुळीत झालेली. जुन्या रांगड्या पद्धतीत गिऱ्हाईक स्वतःच त्या जाळीभोवती उभं राहायचं, एक पाय बाकावर, एका हातात लांब काठ्या, आपलं आपण परतायचं आणि तिथेच उभ्याने खायचं, सोबत तिळाची रोटी आणि कडक दारू. ज्यांना हे झेपायचं नाही त्यांना आतून भाजून बशीत आणून द्यायचे. म्हणजे आपलं आपण मिसळायचं ही कल्पना जुनीच आहे, फक्त ती मंगोल छावणीतली नाही तर बीजिंगच्या हिवाळ्यातली आहे.

आता नाव. वूंना साहजिकच बीजिंग बार्बेक्यू म्हणायचं होतं. पण काळ कसला होता बघा, बेटावर 1949 पासून मार्शल लॉ, जो पुढे 1987 पर्यंत राहिला, आणि बीजिंग ही आता शत्रूची, माओच्या कम्युनिस्टांची राजधानी झालेली. चँगचं सरकार तर 1928 पासून त्या शहराला बेपिंग म्हणायचं, बीजिंग हे नाव परत आणलं ते कम्युनिस्टांनी. अशा वातावरणात दुकानावर ती पाटी लावणं म्हणजे जाणूनबुजून संकट ओढवून घेणं. म्हणून लांबचं, उत्तरेकडचं, मेंढ्या आणि आगीची आठवण करून देणारं पण कुणाला न खुपणारं नाव घेतलं, मंगोलियन. ज्या माणसाला स्वतःच्या शहराचं नाव घेता आलं नाही त्याचा हा पदार्थ आहे, आणि पाट्यांवर खानाऐवजी निदान एका ओळीत तरी वूंचं नाव यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

तैवानमध्ये या पदार्थाचं रूपही बदललं. बेट 1895 ते 1945 जपानच्या ताब्यात होतं, त्यामुळे जपानी खाण्याची ओळख तिथे आधीपासून होती, आणि जपानमध्ये याच सुमारास सपाट लोखंडी पत्र्यावर गिऱ्हाइकासमोर भाजायची तेप्पानयाकी पद्धत हॉटेलांत आली, कोबे शहरातलं मिसोनो 1945 पासूनचं. जाळीच्या जागी सपाट भरीव गोल तवा आला, त्यावर चिनी कढईसारखं झपाझप परतणं आलं आणि मुख्य म्हणजे काठ्या गिऱ्हाइकाच्या हातून आचाऱ्याच्या हातात गेल्या. माझ्या मते खरा शोध हाच, कारण उघड्या जाळावर दहा जण धक्काबुक्की करत भाजतायत असं हॉटेल मोठं होऊ शकत नाही, पण निवड गिऱ्हाइकाकडे आणि आग आचाऱ्याकडे अशी वाटणी केली की एका तव्यावर बऱ्याच जणांचं जेवण एकाच वेळी निघतं.

त्या तव्याचं काम जवळून बघण्यासारखं असतं. जाडजूड लोखंड, तापमान पार 300 अंश सेल्सिअसपर्यंत जातं, आणि लोखंड एवढं जाड का तर थंडगार मांस आणि पाणी सुटणाऱ्या भाज्या एकदम पडल्या तरी उष्णता टिकली पाहिजे, पातळ पत्रा असता तर सगळं परतायच्या ऐवजी उकडलं असतं. मांस अर्धवट गोठवून मशीनवर कापतात कारण मऊ मांसाचे इतके पातळ काप निघत नाहीत, आणि पातळ नसेल तर दोन मिनिटांत आतपर्यंत शिजत नाही. आचारी तव्याभोवती गोल फिरत राहतो, प्रत्येकाच्या वाटीला तव्याचा एक तुकडा, एकीकडे नवीन वाटी पडते, दुसरीकडे तयार झालेली एका झटक्यात कडेवरून वाटीत ओढली जाते, आणि रिकामी झालेली जागा पाणी मारून खरवडून लगेच पुढच्यासाठी. म्हणून वाटी गच्च भरू नये, सॉस मात्र जरा जास्त घ्यावा, बराचसा तव्यावर वाफ होऊन जातो.

तैवानमधून हे अमेरिकेत गेलं. तैवानमध्ये 1951 पासून अमेरिकेची लष्करी सल्लागार तुकडी होती, माणसांचं येणंजाणं चालू होतं आणि तैवानी लोक अमेरिकेत स्थायिकही होत होते, त्यामुळे चव तिकडे पोचली यात नवल नाही. वू स्वतःसुद्धा पुढे अमेरिकेत राहायला गेले आणि 2018 मध्ये तिथेच वारले. अमेरिकेत बुफे आणि सॅलड बारची सवय लोकांना आधीच लागलेली, त्यामुळे रांगेत उभं राहून वाटी भरणं कुणाला शिकवावं लागलं नाही. मोठ्या साखळ्या 1990 च्या दशकात आल्या, मिशिगनमधली बीडीज 1992 ची, डॅलसची जेंगिस ग्रिल 1998 ची, माँटानातली हूहॉट 1999 ची. बीडीजने तर 2005 मध्ये खुद्द उलानबातरमध्ये शाखा उघडली, म्हणजे मंगोलियन नावाचं हे खाणं मंगोलियाच्या राजधानीत पोचलं ते अमेरिकन कंपनीच्या हातून.

2020 च्या साथीत या पद्धतीचा कणाच दुखावला, सगळ्यांनी हात लावलेले चिमटे आणि डाव कुणालाच नको होते, म्हणून अनेक ठिकाणी काचेमागून कर्मचारीच वाटी भरून द्यायला लागले आणि काही ठिकाणी अजून तसंच चालतं. एक जुना प्रश्न मात्र तवा आला तेव्हापासून आहे, तो म्हणजे सगळ्यांचं एकाच लोखंडावर शिजतं. शाकाहारी असाल किंवा शेंगदाणे, कोळंबी, गहू यांची ॲलर्जी असेल तर वाटी देतानाच सांगायचं, बऱ्याच ठिकाणी मग वेगळ्या कढईत आणि वेगळ्या काठ्यांनी करून देतात, पण न सांगता आपोआप कुणी करत नाही.