लीगमधील शिस्तभंग कारवाई

व्यावसायिक क्रीडा लीगमध्ये खेळाडू, प्रशिक्षक, पदाधिकारी किंवा संघमालक यांच्यावर गैरवर्तनाचा आरोप झाल्यास लीगने आपल्या नियमांनुसार केलेली चौकशी आणि शिक्षा. ही फौजदारी कारवाई नव्हे. लीगचा अधिकार येतो सहीतून : खेळाडू खेळाडू-करारावर सही करतो, मालक फ्रँचायझी करारावर, आणि दोन्हींत आचारसंहिता पाळण्याचे कलम असते. म्हणून प्रकरण हातात आले की जाणकार वकील आधी करार मागवतो, पुरावा मागाहून. ज्याने सही केलेली नाही, त्याला लीग फार तर मैदानाच्या दारातून परत पाठवू शकते.

या विषयात नागपूरचे नाव वारंवार येते. सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावरचा एक सामना आंतरराष्ट्रीय भ्रष्टाचारविरोधी कारवाईच्या इतिहासात नोंदला गेला आहे आणि जामठ्याच्या स्टेडियमवर गाजलेल्या शिक्षा झाल्या आहेत. शिवाय नागपूरचे वकील आणि विदर्भ क्रिकेट असोसिएशनचे माजी अध्यक्ष शशांक मनोहर हे भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे दोनदा अध्यक्ष आणि पुढे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचेही अध्यक्ष होते. आयपीएलमधील मालक-पदाधिकाऱ्यांवरच्या पहिल्या मोठ्या कारवाया त्यांच्याच पहिल्या कारकिर्दीतल्या.

मैदानावरचे गैरवर्तन

सर्वांत साधा आणि सर्वांत लवकर निकाली निघणारा भाग. क्रिकेटमध्ये अपराधांच्या चार पातळ्या आहेत. पंच लेखी आरोप ठेवतात आणि खालच्या पातळ्यांचा निर्णय सामनाधिकारी देतो. आंतरराष्ट्रीय संहितेत पहिल्या पातळीला समज देण्यापासून मॅच फीच्या ५० टक्के दंडापर्यंत शिक्षा आणि एक किंवा दोन डिमेरिट (म्हणजे शिस्तभंगाचे वजा) गुण, दुसऱ्या पातळीला ५० ते १०० टक्के दंड आणि तीन किंवा चार गुण. चोवीस महिन्यांत चार गुण साठले की त्यांचे दोन निलंबन गुण होतात. म्हणजे एक कसोटी किंवा दोन मर्यादित षटकांचे सामने बाहेर. आरोप मान्य करून सुचवलेली शिक्षा स्वीकारली तर सुनावणी होत नाही. बहुतेक प्रकरणे इथेच संपतात.

जामठ्यावरचे फेब्रुवारी २०२३ चे उदाहरण नमुनेदार आहे. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीच्या पहिल्या दिवशी रवींद्र जडेजाने महंमद सिराजच्या हातावरचे मलम घेऊन आपल्या गोलंदाजीच्या हाताच्या तर्जनीला लावले. चित्रफीत पसरली आणि चेंडू कुरतडल्याची कुजबुज सुरू झाली. सामनाधिकारी अँडी पायक्रॉफ्ट यांच्यापुढे दोन वेगळे प्रश्न होते. चेंडूची अवस्था बदलली का? नाही, मलम सुजलेल्या बोटासाठी होते, चेंडूला लागले नव्हते. मग पंचांची परवानगी घेतली होती का? तीही नाही. म्हणून चेंडूशी छेडछाडीचे कलम बाजूला ठेवून खेळभावनेच्या कलमाखाली मॅच फीच्या २५ टक्के दंड आणि एक डिमेरिट गुण. कसोटीची मॅच फी १५ लाख धरली तर पावणेचार लाख रुपये. जडेजाने आरोप मान्य केला आणि विषय तिथेच मिटला. पंचांना एकदा विचारले असते तर हा खर्च वाचला असता.

वेळेच्या बाबतीत नियम याहून यांत्रिक आहे. १८ डिसेंबर २००९ रोजी याच मैदानावर श्रीलंकेविरुद्ध भारत निर्धारित वेळेत तीन षटके मागे राहिला आणि कर्णधार महेंद्रसिंग धोनीवर दोन एकदिवसीय सामन्यांची बंदी आली. त्या सामन्यात त्याने शतक केले होते, पण षटकांच्या हिशेबात शतकाला जागा नसते. आयपीएलमध्ये बरीच वर्षे पहिल्या चुकीला कर्णधाराला १२ लाख, दुसरीला २४ लाख, तिसरीला ३० लाख आणि एका सामन्याची बंदी असा चढता क्रम होता. त्यापायी हार्दिक पंड्याला २०२५ च्या हंगामाचा पहिला सामना बाहेर बसून काढावा लागला. त्याच हंगामापासून कर्णधारावरची थेट बंदी काढून डिमेरिट गुण आणले गेले.

सट्टा आणि माहिती

२१ जानेवारी २००७ रोजी नागपुरात भारत-वेस्ट इंडीज एकदिवसीय सामना झाला. नागपूर पोलिसांनी ध्वनिमुद्रित केलेल्या संभाषणांत वेस्ट इंडीजचा मार्लन सॅम्युअल्स एका बुकीशी संघाच्या गोलंदाजीबद्दल बोलत असल्याचे त्यांचे म्हणणे होते. ध्वनिफिती आंतरराष्ट्रीय परिषदेच्या भ्रष्टाचारविरोधी पथकाकडे गेल्या, तिथून वेस्ट इंडीज मंडळाकडे. कारण खेळाडू त्या मंडळाचा, त्यामुळे समितीही त्याच मंडळाची. मे २००८ मध्ये त्याला दोन वर्षांची बंदी झाली. दोष सिद्ध झाला तो सामना हरल्याचा नव्हे, तर खेळाची बदनामी होईल असे पैसे किंवा लाभ घेतल्याचा. अशा प्रकरणांत सामना 'फिक्स' होता हे सिद्ध करणे जवळपास अशक्य असते. म्हणून संहितांत आजूबाजूची कृत्ये स्वतंत्र अपराध म्हणून लिहिलेली असतात : सट्टा लावणे, आतली माहिती देणे, भेटवस्तू न कळवणे, गळ घातल्याची खबर न देणे, चौकशीला सहकार्य न करणे.

शेवटचे तीन अपराध खेळाडूंना क्षुल्लक वाटतात आणि तिथेच ते अडकतात. शाकिब अल हसनने पैसे घेतले नव्हते, माहितीही दिली नव्हती. बुकीने केलेली विचारणा त्याने कळवली नाही, एवढेच. त्यातली एक विचारणा २०१८ च्या आयपीएल सामन्याबाबत होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याला दोन वर्षांची बंदी झाली, पैकी एक वर्ष स्थगित. सॅम्युअल्सही २०२३ मध्ये पुन्हा सापडला, या वेळी अमिरातीतल्या टी-टेन लीगच्या नियमांखाली. ७५० डॉलर किंवा अधिक किमतीचा पाहुणचार न कळवणे आणि चौकशीत माहिती दडवणे या आरोपांत सहा वर्षांची बंदी.

२०२५ मध्ये जामठ्यावर विदर्भ प्रो टी-ट्वेंटी लीग सुरू झाली. अशा राज्य पातळीवरच्या लीगमध्ये धोका अधिक असतो. सामने प्रक्षेपित होतात, त्यामुळे सट्टा लागतो. मानधन मात्र बेताचे असते आणि खेळाडूंना ओळखीचा 'दादा' कोणाचा माणूस आहे हे ठाऊक नसते. कोणी सराव संपल्यावर खेळपट्टी कशी आहे, उद्या कोण खेळणार असे विचारले, बूट किंवा फोन देऊ केला, तर त्याच दिवशी भ्रष्टाचारविरोधी अधिकाऱ्याला कळवायचे, संदेश पुसायचे नाहीत आणि आपणच तपास करायचा नाही. संदेश पुसणे हा बहुतेक संहितांत वेगळा अपराध आहे. निरपराध खेळाडूही घाबरून तो करून बसतो.

चौकशी कुठे फसते

साधारण क्रम असा : तक्रार किंवा बातमी, प्राथमिक तपास, कारणे दाखवा नोटीस, उत्तराला मुदत, सुनावणी, कारणांसह आदेश, अपील. गरज पडल्यास सुरुवातीलाच तात्पुरते निलंबन. पुराव्याची पातळी फौजदारी खटल्याइतकी कडक नसते. 'संशयापलीकडे' सिद्ध करावे लागत नाही; आरोप जितका गंभीर तितका पुरावा भरीव, पण निर्णय देणाऱ्याचे समाधान झाले की पुरते. त्यामुळे न्यायालयाने सोडलेला माणूस लीगमध्ये दोषी राहू शकतो. अमेरिकेत १९२१ मध्ये मुद्दाम सामने हरल्याच्या खटल्यात ज्युरीने आरोपींना निर्दोष ठरवले, तरी बेसबॉलचे प्रमुख म्हणजे आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांनी दुसऱ्याच दिवशी आठ खेळाडूंवर आजन्म बंदी घातली.

आपल्याकडे हीच गोष्ट वेगवान गोलंदाज श्रीशांतच्या बाबतीत घडली. मे २०१३ मध्ये आयपीएलमधील स्पॉट-फिक्सिंगच्या आरोपावरून अटक, सप्टेंबरमध्ये मंडळाची आजन्म बंदी, जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयातून आरोपमुक्ती. बंदी मात्र कायम. सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०१९ रोजी दोषाच्या निष्कर्षाला हात लावला नाही, शिक्षा रद्द केली. संहितेत त्या अपराधाला पाच वर्षे ते आजन्म अशी शिक्षा होती आणि ती ठरवताना तीव्र व सौम्य करणाऱ्या बाबींचा विचार करा असे लिहिलेले होते. समितीने तो केलाच नव्हता. मंडळाचे लोकपाल, म्हणजे तक्रारींवर निर्णय देणारे स्वतंत्र अधिकारी, न्या. डी. के. जैन यांनी मग बंदी सात वर्षांवर आणली. आदेशात दोन परिच्छेद अधिक लिहिले असते तर पुढची कोर्टबाजी टळली असती, असे म्हणायला जागा आहे.

घाईत दिलेली दुसरी शिक्षा हाही नेहमीचा खड्डा आहे. अमेरिकन फुटबॉल लीगने २०१४ मध्ये रे राइसला होणाऱ्या बायकोला मारल्याबद्दल दोन सामन्यांची बंदी घातली. सप्टेंबरमध्ये मारहाणीची चित्रफीत बाहेर आली, लोक चिडले आणि आयुक्तांनी बंदी बेमुदत केली. लवाद म्हणून बसलेल्या माजी न्यायाधीश बार्बरा जोन्स यांनी ती रद्द केली : राइसने लीगपासून काही लपवले नव्हते, मग त्याच कृत्याला दोनदा शिक्षा कशी?

निर्णय देणारी खुर्चीच रिकामी असणे ही खास आपली अडचण. जानेवारी २०१९ मध्ये टीव्हीवरच्या मुलाखतीत स्त्रियांबद्दल केलेल्या शेऱ्यांवरून हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल यांना ऑस्ट्रेलियातून परत बोलावून निलंबित केले, पण सुनावणी घेणारा लोकपाल मंडळाकडे नव्हता. निलंबन उठवावे लागले. एप्रिलमध्ये दोघांना प्रत्येकी २० लाखांचा दंड झाला : हुतात्मा निमलष्करी जवानांच्या दहा कुटुंबांना एकेक लाख, आणि दहा लाख अंध क्रिकेटच्या निधीला.

लैंगिक छळाची तक्रार हा वेगळा मार्ग आहे आणि लीगचे पदाधिकारी तो हमखास विसरतात. २०१३ च्या कायद्यात स्टेडियम आणि क्रीडासंकुल ही 'कामाची जागा' म्हणून स्पष्ट लिहिली आहेत. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या फ्रँचायझीला अंतर्गत समिती नेमावीच लागते. अध्यक्ष स्त्री, निम्म्या सदस्य स्त्रिया, एक सदस्य बाहेरचा. तक्रार तीन महिन्यांत, चौकशी नव्वद दिवसांत. आरोप मालकावरच असेल तर प्रकरण जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. लीगची शिस्त समिती या समितीची जागा घेऊ शकत नाही.

मालक

खेळाडूला काढता येते. मालकाने संघ विकत घेतलेला असतो, आणि पुष्कळ लीगमध्ये शिक्षा देणारा आयुक्त मालकांच्याच पगारावर असतो. दंडाची मर्यादाही मालकांनीच ठरवलेली. २०१४ मध्ये अमेरिकन बास्केटबॉल लीगचे आयुक्त ॲडम सिल्व्हर यांनी वर्णद्वेषी संभाषणावरून संघमालक डोनाल्ड स्टर्लिंग यांच्यावर आजन्म बंदी आणि २५ लाख डॉलर दंड लादला. नियमांत तेवढाच जास्तीत जास्त दंड होता. संघ काढून घ्यायला तीन-चतुर्थांश मालकांची मते लागली असती. त्याआधीच संघ दोन अब्ज डॉलरना विकला गेला. शिक्षा झालेल्या माणसाच्या घरी इतका पैसा आला की दंडाचा आकडा हास्यास्पद ठरला.

आयपीएलमध्ये हत्यार वेगळे : करार संपुष्टात आणणे. एप्रिल २०१० मध्ये अंतिम सामना संपताच लीगचे प्रमुख ललित मोदी निलंबित झाले, मनोहरांनी उत्तरासाठी पंधरा दिवसांची नोटीस जाहीर केली, आणि ऑक्टोबरमध्ये पंजाब व राजस्थान या दोन संघांचे करार मालकी-बदलाच्या कारणावरून रद्द केले. कायदेशीर स्थगिती मिळवून दोन्ही संघ २०११ मध्ये खेळले. कोची संघ बँक हमी न दिल्यावरून २०११ मध्ये काढला. २०१५ चा लवादाचा निवाडा मंडळाच्या विरोधात गेला आणि मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये तो कायम ठेवला. बोजा ५३८ कोटींचा. करार रद्द झालेल्या डेक्कन चार्जर्स संघाच्या बाबतीत लवादाने सुमारे ४,८०० कोटी मंडळावर बसवले होते. ते मात्र उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रद्द केले. मालकाला हाकलण्याची नोटीस म्हणूनच कधी साधा कागद नसते. मुदत, दुरुस्तीची संधी, रकमेचा हिशेब यांतली एक फट शेकडो कोटींची पडू शकते.

चेन्नई संघाशी जोडलेले गुरुनाथ मय्यप्पन आणि राजस्थानचे सहमालक राज कुंद्रा यांच्या सट्टा प्रकरणात मूळ दुखणे हितसंबंधांचे होते : मय्यप्पन हे मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष एन. श्रीनिवासन यांचे जावई, आणि चेन्नई संघ श्रीनिवासन यांच्याच कंपनीचा. मंडळाने नेमलेल्या दोन माजी न्यायाधीशांच्या समितीने २०१३ मध्ये क्लीन चिट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने समितीची नेमणूकच बेकायदा ठरवली. मग सर्वोच्च न्यायालयाने नेमलेली मुदगल चौकशी समिती, आणि २२ जानेवारी २०१५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. पदाधिकाऱ्यांना संघात पैसा गुंतवू देणारी मंडळाच्या नियमांतली ६.२.४ ही दुरुस्ती त्याने रद्द केली. शिक्षा ठरवायला लोढा समिती आली. १४ जुलै २०१५ रोजी दोघांवर आजन्म बंदी, चेन्नई आणि राजस्थान संघ दोन वर्षे निलंबित. चेन्नईच्या बाजूने मय्यप्पनबद्दल 'हा आमचा अधिकारीच नाही' असा बचाव झाला होता. पास, डगआउटमधली हजेरी आणि लिलावातली खुर्ची यांपुढे तो टिकला नाही. निलंबित संघांच्या काही निर्दोष खेळाडूंना पुण्याच्या आणि गुजरातच्या तात्पुरत्या संघांत वाटून दिले गेले. मनोहर दुसऱ्यांदा अध्यक्ष झाल्यावर, नोव्हेंबर २०१५ मध्ये, मंडळाने न्या. ए. पी. शाह यांना लोकपाल नेमले.

बंदीची व्याप्ती

बंदी फक्त लीगपुरती असते हा गैरसमज आहे. भ्रष्टाचाराची बंदी एका मंडळाने घातली की इतर सदस्य मंडळे ती पाळतात. क्लब क्रिकेट, प्रशिक्षण, सरावाची जाळी, स्टेडियमची पायरी सगळे बंद. श्रीशांतला स्कॉटलंडमधल्या क्लबकडून खेळायला मंडळाने ना-हरकत प्रमाणपत्र दिले नाही. केरळ उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने ऑगस्ट २०१७ मध्ये बंदी उठवली, खंडपीठाने ऑक्टोबरमध्ये पुन्हा लावली. सात वर्षांची मुदत १३ सप्टेंबर २०२० रोजी संपली आणि जानेवारी २०२१ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, तो मुश्ताक अली करंडकात केरळकडून खेळला.