स्टिल वेक्स द डीप

स्टिल वेक्स द डीप हा कथाप्रधान भयकथेचा व्हिडिओ गेम आहे. खेळणारा सगळं काही नायकाच्या डोळ्यांनी बघतो. इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या ‘द चायनीज रूम’ या स्टुडिओने तो बनवला आणि ‘सीक्रेट मोड’ने १८ जून २०२४ रोजी विंडोज, प्लेस्टेशन ५ व एक्सबॉक्स सिरीज एक्स/एस यांसाठी प्रकाशित केला. कथा घडते डिसेंबर १९७५ मध्ये, स्कॉटलंडच्या किनाऱ्यापासून दूर उत्तर समुद्रात उभ्या असलेल्या ‘बीरा डी’ या काल्पनिक रिगवर, म्हणजे समुद्रतळातून तेल काढायच्या फलाटावर. स्कॉटिश दंतकथांमध्ये बीरा ही हिवाळ्याची राणी आहे.

काळाची निवड नेमकी आहे. उत्तर समुद्रातलं तेल तेव्हा नुकतंच हाती येऊ लागलं होतं. फोर्टीज हे तेलक्षेत्र १९७० मध्ये सापडलं आणि ३ नोव्हेंबर १९७५ रोजी राणी एलिझाबेथ दुसऱ्या यांच्या हस्ते तिथल्या तेलवाहिनीचं उद्‌घाटन झालं. पैसा चांगला मिळत होता, पण काम जिवावरचं होतं. २७ डिसेंबर १९६५ रोजी ‘सी जेम’ ही रिग कोसळून १३ माणसं गेली होती. पुढे ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्याच पायपर अल्फा या तेलफलाटावरच्या स्फोटांत आणि आगीत १६७ जण मेले. या दोन दुर्घटनांच्या मधल्या काळात हा खेळ उभा आहे, आणि त्याची भीती कशाची आहे ते इथूनच कळायला लागतं.

नायक कॅमेरॉन ऊर्फ कॅझ मॅकलिअरी हा इलेक्ट्रिशियन. एका मारामारीनंतर पोलिसांचा ससेमिरा चुकवायला तो घरदार सोडून रिगवर आलेला आहे. बायको सूझ हिचं संतापाने लिहिलेलं पत्र खोलीत पडलेलं असतं. पोलीस चौकशीला आल्याचं कळताच मॅनेजर रेनिक त्याला कामावरून काढून टाकतो. कॅझ हेलिकॉप्टरकडे निघतो आणि त्याच वेळी खाली समुद्रतळात ड्रिल कशात तरी घुसतं. पुढचे पाच-सहा तास तो जगायची आणि सोबत्यांना वाचवायची धडपड करत राहतो. रिगवरचा स्वयंपाकी रॉय हा त्याचा जिवाभावाचा मित्र. रॉयला मधुमेह आहे, त्याला इन्सुलिन वेळेवर मिळायला हवं. एवढ्या मोठ्या संकटात ही साधीशी गरज कॅझला पुन्हा पुन्हा धोक्यात ओढते, आणि कथेतला सगळ्यात खरा ताण तोच आहे.

समुद्रातून वर आलेलं ते काय आहे, हे खेळ शेवटपर्यंत सांगत नाही, आणि ते योग्यच आहे. धाग्यांसारखे, मांसल वेल लोखंडी भिंतींवरून पसरत जातात. त्यांच्या जवळ गेलं की नजरेच्या कडेला रंग तरळू लागतात, पाण्यावर सांडलेल्या तेलावर दिसतात तसे. त्याच्या तावडीत सापडलेल्या माणसांची शरीरं ताणून, फाटून भलतीच होतात, आवाज मात्र त्यांचेच राहतात. सकाळी मेसमध्ये ज्याच्याशी बोलणं झालं, तोच रात्री तुटक वाक्यांत रडत, विनवत मागे लागतो.

कॅझकडे हत्यार नाही. तो लपतो, पळतो, हाताला येईल ती वस्तू दूर फेकून त्या जीवाचं लक्ष दुसरीकडे वळवतो. बाकी वेळ तो कामगारच असतो. स्क्रू-ड्रायव्हरने झाकणं उघडायची, व्हॉल्व्ह फिरवायचे, शिड्या चढायच्या. निसटत्या कडेला लटकताना कंट्रोलरची बटणं दाबून धरावी लागतात. खाली काळं पाणी उसळत असतं, पावसाने ओली झालेली लोखंडी जाळी पायाखाली करकरते, आणि बोट जरा सैल पडलं की हात सुटतो. पडद्यावरची पकड आणि खेळणाऱ्याची पकड एकच होऊन जाते. अशा जागी राक्षस आसपास नसला तरी घाम फुटतो.

म्हणूनच या खेळाचं खरं पात्र रिग आहे. चारी बाजूंनी समुद्र, वर वादळ, आणि मालक कंपनीने काटकसरीत दुरुस्त्या टाळून ठेवलेलं लोखंड. कंपनीचं नाव ‘कॅडल’. स्कॉटिश गेलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेत ‘कादल’ म्हणजे झोप. खेळाच्या नावात ‘खोल समुद्र अजून जागा आहे’ असा अर्थ असताना हे नाव सहज आलेलं नसावं.

भाषा ही खेळाची आणखी एक जमेची बाजू. माणसं ठसठशीत स्कॉटिश बोलीत बोलतात, शिव्या देतात, थट्टा करतात. गेलिक भाषेचा पर्यायही दिलेला आहे. कॅझला अ‍ॅलेक न्यूमन यांनी आवाज दिला, तर फिनली ही अभियंता कॅरन डनबार यांनी उभी केली. ८ एप्रिल २०२५ च्या बाफ्टा गेम्स या ब्रिटिश पुरस्कारांत या दोघांना अनुक्रमे प्रमुख आणि सहायक भूमिकेसाठी गौरवण्यात आलं. नव्या कल्पनेवरच्या कृतीचा पुरस्कारही याच खेळाला मिळाला. संगीत जेसन ग्रेव्हज यांचं आहे.

उणिवा आहेत. वाट एकच, कोडी सोपी, आणि कुठे चढायचं ते दाखवायला जागोजाग फासलेला पिवळा रंग अनेकांना खटकला. लपाछपीचे प्रसंगही दोन-तीनदा खेळल्यावर ओळखीचे होतात. स्वतः शोध घेत भटकायला आवडणाऱ्याला हा खेळ आखडता वाटेल. पण समुद्रातून वर आलेलं ते जमिनीवर पोहोचता कामा नये, या निर्णयापर्यंत फिनली आणि कॅझ येतात तेव्हा ती एकच वाट पटते. दुसरी वाट त्या माणसांनाही उरलेली नसते.

१८ जून २०२५ रोजी ‘सायरन्स रेस्ट’ ही पुढची कथा आली. ती १९८६ मध्ये घडते. म्हायरी नावाची गोताखोर समुद्राच्या तळाशी पडलेल्या बीरा डीच्या सांगाड्यात उतरते. कोणाचं काय झालं याची नोंद करत, घरच्यांना परत देता येतील अशा मृतांच्या वस्तू ती शोधत जाते.