वाळवीची बुरशीशेती

वारुळात बुरशी पिकवून तिच्या आधारे जगण्याची वाळवीच्या काही जातींची रीत. बुरशीशेती म्हटली की पानकापी मुंग्यांचे नाव आधी घेतले जाते, पण त्या फक्त अमेरिका खंडांत आढळतात. विदर्भात हे काम उधई, म्हणजे वाळवी करते आणि तेही शेताच्या धुऱ्यावर. वारूळ मुंग्यांचे समजले जात असले तरी बांधते ती वाळवीच. आणि तिचे जवळचे नाते मुंग्यांशी नसून झुरळांशी आहे.

ओडोन्टोटर्मिस प्रजातीची वाळवी लाकूड, पाचोळा, काडीकचरा गोळा करते. त्यातले लिग्निन, म्हणजे लाकडाला टणकपणा देणारे द्रव्य, तिला एकटीला पचत नाही. तरुण कामकरी हा माल बुरशीच्या बीजाणूंसह खातात आणि त्यांची विष्ठा थराथरांनी रचली जाते. वारूळ फुटले तर आत अक्रोडाच्या गरासारखे सुरकुतलेले, वजनाला हलके, ओलसर तपकिरी गोळे दिसतात. हेच बुरशीचे वाफे. त्यांच्यावर टाचणीच्या डोक्याएवढ्या पांढऱ्या गाठी धरतात. तरुण कामकरी त्या गाठी खातात आणि त्यांच्या पोटातून बीजाणू नव्या थरात जातात. बुरशीने मऊ करून ठेवलेला खालचा जुना थर वयस्क कामकऱ्यांच्या वाट्याला येतो. पीक, खत, पेरणी सगळे एकाच फेऱ्यात उरकते, आणि हा फेरा सुमारे तीन कोटी वर्षे चालू आहे. त्याची सुरुवात आफ्रिकेत झाली. वारुळातल्या बुरशीची नोंद निसर्ग अभ्यासक योहान कोनिग यांनी दक्षिण भारतातील निरीक्षणांवरून १७७९ मध्येच केली होती.

या बुरशीचे नाव टर्मिटोमायसिस. वाळवीवाचून ती निसर्गात तग धरत नाही. वसाहत मेली की वाफ्यांवर दुसरीच बुरशी माजते.

पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या सात्या किंवा टेकोडे ही टर्मिटोमायसिसचीच फळे. देठ जमिनीत खोलवर, थेट वाफ्यापर्यंत गेलेला असतो. पूर्व विदर्भात सात्यांची भाजी आवडीने खातात आणि बाजारात त्यांना भावही चांगला मिळतो. मात्र रानातल्या काही विषारी अळिंब्या दिसायला अशाच असतात, त्यामुळे जाणत्या माणसाने ओळखल्याशिवाय सात्या खाऊ नयेत. वरची सात्या खुडल्याने वसाहत मरत नाही. वारूळ खणले तर मात्र वाफे उघडे पडून नासतात.

पानकापी मुंग्यांची राणी बुरशीचा तुकडा तोंडात घेऊन उडते. वाळवीच्या बहुतेक जातींत नवे राजा-राणी बुरशीविना निघतात. त्यांचे पहिले कामकरी बाहेरून काडीकचरा आणतात आणि उमललेल्या सात्यांतून उडालेले बीजाणू त्याच्याबरोबर घरात येतात.