काहीच न घडणाऱ्या दिवसांत दोर झिजतो

कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासहून कॅरिबियनमधल्या सेंट लुशियापर्यंतचं अंतर सुमारे २,७०० सागरी मैल. बारा मीटरच्या शिडाच्या नौकेला तीनेक आठवडे लागतात. नोव्हेंबर सरताना चक्रीवादळांचा हंगाम संपतो. अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांजवळच्या उच्च दाबाच्या पट्ट्यातून विषुववृत्ताकडे निघालेली हवा पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळते आणि ईशान्य व्यापारी वारा १५ ते २० नॉट (म्हणजे ताशी तितके सागरी मैल) वेगाने पाठीवर येत राहतो. मग दिवसच्या दिवस शिडं तीच, दिशा तीच. नौका सगळ्यात जास्त झिजते ती याच काळात.

हवा बिघडली की खलाशी सतत दोर ओढतो, सोडतो, शीड कमी करतो, त्यामुळे दोरावरचा भार जागा बदलत राहतो. शांत दिवसांत तो एकाच ठिकाणी पडतो. मागून येणाऱ्या लाटांवर नौका साधारण पाच सेकंदांत एक हेलकावा घेते, म्हणजे दिवसाला १७,००० हून अधिक. प्रत्येक हेलकाव्याला हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवून धरणारा दोर, ताणतो आणि सैलावतो, आणि डोलकाठीच्या माथ्यावरच्या पुलीवर काही मिलिमीटर घासतो. वाळलेल्या मिठाचे कण धाग्यांत शिरून आतूनही काचतात. दोर तुटतो तो बहुधा रात्री, आणि शीड समोर पाण्यात पडतं.

उपाय सोपा आहे, पण रोज करावा लागतो. सकाळी हॅलयार्ड चार-पाच सेंटिमीटर सोडायचा किंवा ओढून घ्यायचा, म्हणजे पुलीवर दोराचा नवा भाग येतो. दोर मुळातच मीटरभर जास्त लांब ठेवावा. झिजलेलं टोक कापून पुन्हा बांधता येतं. माथा दुर्बिणीतून पाहावा. मोठं शीड डोलकाठीच्या आडव्या दांड्यांना जिथे टेकतं तिथे निघण्यापूर्वीच जाड ठिगळं शिवून घ्यावीत. बूमच्या, म्हणजे मोठ्या शिडाच्या तळाशी असलेल्या आडव्या काठीच्या, टोकापासून नाळेपर्यंत, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकापर्यंत, एक दोर घट्ट बांधावा, म्हणजे वारा शिडाच्या उलट्या बाजूला शिरला तरी बूम सपकन फिरत नाही. त्या फटक्याने माणसं मेली आहेत. डेकवर एखादी छोटी पिन पडलेली दिसली तर ती कुठून निसटली हे सापडेपर्यंत दुसरं काम हाती घेऊ नये.

पाणी पिण्या-रांधण्यासाठी माणशी रोज तीन लिटर धरावं आणि दोन वेगळ्या टाक्यांत ठेवावं. एकीला गळती लागली तरी दुसरी उरते.

पहाऱ्यावर दर पंधरा मिनिटांनी क्षितिजावर पूर्ण नजर फिरवायची. समोरून २० नॉटने येणारं जहाज आणि आपले ६ नॉट, मिळून पंधरा मिनिटांत साडेसहा सागरी मैल अंतर संपतं.

वायुदाबाची नोंदही ठरल्या वेळी हवी. उष्ण कटिबंधात दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास जास्त, दुपारी आणि पहाटे चारच्या सुमारास कमी. हा चढउतार दोन-तीन मिलिबारचा असतो. म्हणून दुपारी चारचा आकडा सकाळी दहाच्या आकड्याशी ताडून घाबरण्यात अर्थ नाही, तो कालच्या चारशी ताडावा. त्याच वेळेच्या नेहमीच्या दाबापेक्षा तीन मिलिबारची घट दिसली, तर अंधार पडण्याआधी शीड कमी करावं.