जोडी की ढकलाढकल : व्हॅनेडियम डायऑक्साइडच्या वादामागची पार्श्वभूमी

ऊर्जापट्टा (पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांना मिळू शकणाऱ्या ऊर्जांचा पट्टा) अर्धवट भरलेला असेल तर पदार्थ विजेचा वाहक, पूर्ण भरलेला असेल तर रोधक, हा हिशेब १९३१ पर्यंत बसला होता. १९३७ मध्ये तो निकेल ऑक्साइडपाशी अडला. त्याचा पट्टा अर्धवट भरलेला, तरीही तो रोधक! इलेक्ट्रॉन एकमेकांना इतके ढकलतात की प्रत्येक जण आपापल्या अणूपाशी अडकून पडतो, हे कारण तेव्हाच पुढे आलं. अणूंच्या मांडणीतल्या नुसत्या अव्यवस्थेनेही इलेक्ट्रॉन अडकू शकतात, हे १९५८ मध्ये दाखवलं गेलं.

खरा वाद मात्र १९५९ नंतरचा. व्हॅनेडियम डायऑक्साइड सुमारे ६८ अंश सेल्सिअसला रोधकाचा वाहक होतो, असं त्या वर्षी दिसलं. चांगल्या स्फटिकात रोध एक लाख पटींपर्यंत घसरतो. थंड अवस्थेत व्हॅनेडियमचे अणू साखळीत दोन-दोनच्या जोड्या करतात. प्रत्येक अणूचा एक डी-इलेक्ट्रॉन (अणूच्या डी-कक्षेतला इलेक्ट्रॉन). जोडीत दोन झाले की पट्टा भरला. मग रोधकपणा या जोड्यांमुळे की इलेक्ट्रॉनांच्या ढकलाढकलीमुळे?

१९९४ मध्ये संगणकी गणितांनी जोड्यांच्या बाजूने कौल दिला. त्यावरचा आक्षेप मला आजही निर्णायक वाटतो. क्रोमियमची अल्पशी भेसळ केली किंवा स्फटिकावर एका दिशेने दाब दिला, की एम-२ नावाची रचना मिळते. तिच्यात निम्म्या साखळ्यांत जोड्या होतात. उरलेल्या निम्म्या नुसत्या नागमोडी वळतात, त्यांतलं अणूंचं अंतर सारखंच राहतं. तरीही अख्खा स्फटिक रोधकच! त्या बिनजोडीच्या साखळ्यांत वीज कोण अडवतं? हा पुरावा सत्तरीच्या दशकापासून हाताशी होता. त्याला द्यायला हवं होतं तेवढं वजन दिलं गेलं नाही. २००५ मधल्या गणितात जोडी आणि ढकलाढकल दोन्ही एकत्र घेतल्यावरच रोधक अवस्था नीट उतरली.

नंतर वाद वेगाकडे वळला. लेसरच्या ठोक्यानंतर वाहकपणा यायला सुमारे ८० फेम्टोसेकंद (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा दशलक्ष अब्जावा भाग) लागतात, त्याहून लवकर तो येत नाही, असं २००४ मध्ये आढळलं. अणूंना जागा बदलायला एवढा वेळ लागतो, म्हणून हे जाळीच्या, म्हणजे अणूंच्या मांडणीच्या आणि जोड्यांच्या, बाजूचं बलवान प्रमाण. उलट २०१४ मध्ये, जोड्या शाबूत असतानाच लेसरने वाहकासारखी अवस्था आणल्याचा दावा झाला. टंगस्टन मिसळून ६८ अंशांचा उंबरठा खोलीच्या तापमानापर्यंत खाली आणता येतो, आणि काचेवरच्या उष्णतारोधक लेपांचं काम त्याच आधारावर चालू आहे.