एनआयएसच्या मॅपची फेरबांधणी आणि वाटप : पार्श्वभूमी

आर्पानेटच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वसुरी जाळ्याच्या, काळात सर्व यंत्रांची नावे व पत्ते एकाच मजकुरी फाइलमध्ये असत आणि ठिकठिकाणचे व्यवस्थापक ती मध्यवर्ती यंत्रावरून उतरवून घेत. यंत्रे वाढली तशी ही रीत पुरी पडेना आणि १९८३ मध्ये डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या विभागलेल्या यंत्रणेची, पहिली रूपरेषा पुढे आली. संस्थांच्या अंतर्गत जाळ्यांतील निकड मात्र वेगळी होती. एनएफएसमुळे एका सर्व्हरवरील फाइली अनेक वर्कस्टेशनवर वापरता येऊ लागल्या, पण त्या वेळचे एनएफएस खातेदाराला ओळखत असे ते केवळ त्याच्या अंकी क्रमांकावरून. एका यंत्रावर जो क्रमांक एकाचा, तोच दुसऱ्या यंत्रावर भलत्याचाच असला, तर फाइलींच्या मालकीचा घोळ होई. त्यामुळे १९८०च्या दशकाच्या मध्यावर एनएफएस आणणाऱ्या कंपनीनेच खातेदार, गट आणि यंत्रे यांच्या सामाईक याद्या पुरवणारी सेवा सुरू केली; हीच एनआयएस. तिचे मूळ नाव ‘यलो पेजेस’ ब्रिटनमध्ये एका दूरध्वनी कंपनीचे व्यापारचिन्ह असल्याने सोडावे लागले, तरी आज्ञांच्या नावांतील ‘वायपी’ आजवर टिकून आहे.

या सेवेची बांधणी दोन स्तरांवर होती. खरा मजकूर मास्टर, म्हणजे मुख्य, सर्व्हरवरील साध्या फाइलींत राही, आणि त्यांपासून डीबीएम या साध्या डेटाबेसच्या स्वरूपातील मॅप, म्हणजे झटपट शोधता येणाऱ्या याद्या, तयार होत. एकाच यादीचे नावानुसार एक आणि क्रमांकानुसार एक, असे बहुधा दोन. व्यवस्थापकाने मूळ फाइलमध्ये ओळ घातली आणि ‘मेक’ ही आज्ञा दिली, की ती फाइल मागील बांधणीच्या वेळखुणेपेक्षा नवी आहे का हे तपासले जाई, नवी असल्यास संबंधित मॅप मुळापासून पुन्हा बांधला जाई, आणि लगेच ‘वायपीपुश’ सुरू होई.

‘वायपीपुश’ नावाप्रमाणे मॅप ढकलत असेल असा समज सहज होतो, पण तसे घडत नसे. ते स्लेव्ह सर्व्हरना, म्हणजे मॅपच्या प्रती ठेवणाऱ्या दुय्यम सर्व्हरना, नवा मॅप तयार झाल्याची केवळ वर्दी देई. वर्दी मिळालेला स्लेव्ह ‘वायपीएक्सफर’ चालवी, आपल्या मॅपमधील आवृत्तीचा क्रमांक मास्टरच्या क्रमांकाशी ताडून पाही, मास्टरचा मोठा असेल तरच संपूर्ण मॅप मागवून तात्पुरत्या फाइलमध्ये उतरवी, आणि उतरवणे पुरे झाल्यावरच जुन्याच्या जागी नवा ठेवी. एक ओळ बदलली तरी सगळा मॅप जाई, आणि वर्दीच्या क्षणी बंद असलेल्या स्लेव्हपर्यंत काहीच पोहोचत नसे, कारण कोणाला काय मिळाले याची कायमची नोंद मास्टर ठेवत नसे. म्हणून प्रत्येक स्लेव्हवर क्रॉन या ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयीतून तासाला किंवा दिवसातून एकदा-दोनदा स्वतःहून चौकशी करणाऱ्या स्क्रिप्ट लावण्याची शिफारस होती.

दर वेळी संपूर्ण मॅप पाठवण्याच्या या निर्णयावर पुढे बरीच टीका झाली आणि तिच्यात तथ्यही आहे. हजारो खातेदारांच्या जाळ्यात एका पासवर्डच्या बदलासाठी अख्खी यादी प्रत्येक स्लेव्हकडे जाणे हा उघड अपव्यय होता. मॅपचा क्रमांक म्हणजे वस्तुतः मास्टरच्या घड्याळाची वेळ होती. घड्याळ काही काळ पुढे गेले आणि त्या अवधीत मॅप बांधला गेला, तर घड्याळ दुरुस्त केल्यानंतरचे मॅप स्लेव्हला जुने वाटत आणि सक्तीचा पर्याय दिल्याखेरीज तो ते घेत नसे. मास्टरचे नावही मॅपमध्येच नोंदलेले असल्याने, मास्टर बदलला की प्रत्येक स्लेव्हला नवा मास्टर कोणता हे एकदा स्पष्ट सांगून मॅप घ्यायला लावावे लागे. एवढे असूनही या रचनेचे मोल कमी लेखले गेले, असे म्हणणे भाग आहे. अर्धवट बदलांची साखळी नसल्यामुळे ती तुटण्याचा प्रश्नच नव्हता. स्लेव्ह कितीही मागे पडला तरी एका यशस्वी प्रतीने तो पूर्ण जागेवर येई, आणि मास्टरवरील मॅप बिघडले तरी मजकुरी फाइलींतून ते पुन्हा बांधता येत.

नंतरच्या सुधारणांचा रोख अपव्ययावर होता. प्रत्येक नोंद मागवून स्लेव्हवर मॅप पुन्हा रचण्याऐवजी तयार फाइलच जशीच्या तशी पाठवणारा एक वेगळा सर्व्हर आला आणि मोठ्या मॅपचा वेळ बराच वाचला. मूळ कंपनीने १९९०च्या दशकाच्या आरंभी श्रेणीबद्ध रचना, ओळखीची पडताळणी आणि केवळ बदल पाठवण्याची सोय असलेली एनआयएस प्लस ही नवी प्रणाली आणली. तिच्यातील बदलांची नोंदवही अधूनमधून मुख्य तक्त्यांत मिटवून घ्यावी लागे आणि हे काम राहिले की ती फुगत जाई. व्यवस्थापनाच्या अशा ओझ्यामुळे अनेक ठिकाणी जुनी एनआयएसच चालू राहिली. डीएनएसला १९९६ मध्ये बदलाची वर्दी देणे आणि केवळ फरक पाठवणे या दोन्हींसाठी स्वतंत्र मानके मिळाली. संपूर्ण प्रत मागवण्याचा मार्गही तेथे कायम राहिला.

एनआयएसला अखेर मागे सारले ते मुख्यतः सुरक्षिततेने, कारण एनआयएस डोमेनचे, म्हणजे त्याच याद्या वापरणाऱ्या यंत्रगटाचे, नाव माहीत असलेल्या कोणालाही पासवर्डचा मॅप मागता येई. ही वाट अडवणाऱ्या सोयी पुढे आल्या खऱ्या, पण तोवर विश्वास उडाला होता. मार्च १९९८ मध्ये एनआयएसमधील याद्या एलडॅप या निर्देशिका-सेवेत मांडण्याची रूपरेषा प्रसिद्ध झाली आणि स्थलांतराला वेग आला. वाटपाचा जुना वाद मात्र तेथेही उद्भवला. एका प्रचलित मुक्तस्रोत एलडॅप सर्व्हरमध्ये मुख्य सर्व्हर बदलांची नोंदवही ठेवून ते दुय्यम सर्व्हरकडे ढकलत असे. दुय्यम सर्व्हर एकदा विसंगत झाला की व्यवस्थापकाला डेटाबेसची प्रत हाताने न्यावी लागे. २००७ मध्ये ही पद्धत काढून टाकण्यात आली. तिची जागा घेणाऱ्या पद्धतीत आपण कोठवर पोहोचलो याची खूण दुय्यम सर्व्हर स्वतःजवळ ठेवतो, पुढील बदल स्वतः मागतो, आणि ती खूण निरुपयोगी ठरल्यास सर्व नोंदी पुन्हा पडताळून जुळवून घेतो.