ऐकू येतं, पण कळत नाही

साठीच्या पुढची माणसं एक तक्रार हमखास करतात: "हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात." टीव्हीवरच्या निवेदिकेपासून घरातल्या सुनेपर्यंत सगळ्यांवर हाच आरोप. कान तपासून घेऊ म्हटलं की उत्तर तयार असतं, "मला चांगलं ऐकू येतं." आणि ते खोटं नसतं. कुकरची शिट्टी, रस्त्यावरचा ट्रक, शेजारच्यांचं भांडण, सगळं ऐकू येत असतं. निसटतात ती व्यंजनं.

आतल्या कानात शंखासारखी गुंडाळलेली एक नळी असते, कॉक्लिया. तिच्यात जन्मतः आवाज टिपणाऱ्या साधारण १५ हजार केसपेशी असतात आणि हार्मोनियमच्या पट्ट्यांसारखी त्यांची स्वरांनुसार वाटणी झालेली असते. नळीच्या तोंडाशी तार स्वर, आत टोकाला खर्ज. वयामुळे किंवा गोंगाटामुळे आधी मरतात त्या तोंडाशीच्या पेशी. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा तयार होतात, आपल्यात नाही. आता बोलण्याकडे पाहा. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि दणकट. स, श, त, फ, ख ही व्यंजनं वरच्या पट्टीतली आणि मुळातच हलकी. त्यामुळे 'साठ', 'पाठ', 'ताठ' म्हटलं तरी कानापर्यंत नुसतं 'आठ' पोचतं आणि बाकीचं मेंदू संदर्भावरून भरून काढतो. शांत घरात हे खपून जातं, लग्नाच्या हॉलमध्ये पितळ उघडं पडतं. म्हणून गर्दीत समजेनासं झालं, बायकांचं आणि लहान मुलांचं बोलणं पुरुषांपेक्षा कमी कळू लागलं, की तपासणीची वेळ झाली असं खुशाल समजावं.

"जरा मोठ्याने बोल," म्हणतात, आपण आवाज चढवला की "ओरडतोस कशाला?" हा हेकेखोरपणा नसतो. हलके आवाज वाढवून देण्याचं काम बाहेरच्या रांगांतल्या केसपेशी करतात. त्या गेल्या की हलकं काही ऐकू येत नाही, मोठा आवाज मात्र पूर्वीइतकाच मोठा लागतो. मधली सोयीची जागाच आक्रसते. अशा वेळी ओरडण्यापेक्षा समोर बसून सावकाश बोललेलं जास्त कळतं.

तपासणीत दुखण्यासारखं काही नाही. आवाजबंद खोलीत हेडफोन लावून बसायचं आणि बारीकसा आवाज आला की बटण दाबायचं. २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे स्वर असे तपासून आलेख काढतात, तो ऑडिओग्राम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीनुसार २० डेसिबलच्या आतला आवाज ऐकू आला तर कान ठीक. मग कानामागच्या हाडावर एक कंपक ठेवून तेच पुन्हा. हाडावाटे नीट ऐकू येतं आणि हवेवाटे नाही, असं निघालं तर दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात असतो: मळ, पडद्याला भोक, पडद्यामागे साठलेलं पाणी. यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. (कानात गरम तेल सोडणं हा तो इलाज नव्हे.)

आतापर्यंतचं सगळं सावकाश चालणारं. एक प्रकार मात्र थांबू देत नाही. सकाळी उठल्यावर एक कान अचानक बंद, कदाचित सोबत शिट्टी किंवा चक्कर. सर्दीने दडा बसला असेल म्हणून लोक आठवडा घालवतात. हा आतल्या कानाचा झटका असू शकतो. त्यावर स्टिरॉइड देतात आणि पहिल्या काही दिवसांत सुरू केलं तर कान परत येण्याची शक्यता जास्त. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे त्याच दिवशी जावं. एकाच कानाने हळूहळू कमी ऐकू येणं किंवा एकच कान सतत वाजणं हेही दाखवावं. क्वचित त्यामागे ऐकण्याच्या नसेवरची गाठ निघते.

बाळांच्या बाबतीत पाळण्याजवळ ताट-चमचा वाजवून पाहण्याची पद्धत फसवी आहे. तार स्वर ऐकू न येणारं बाळसुद्धा ताटाच्या दणक्याला दचकतं. निरोगी कान स्वतःही अगदी बारीक आवाज बाहेर टाकतो, हे डेव्हिड केम्प यांनी लंडनमध्ये १९७८ साली दाखवलं. त्याच आधारावर झोपलेल्या बाळाची चाचणी काही मिनिटांत होते. पहिल्या महिन्यात प्राथमिक चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असं वेळापत्रक डॉक्टर मानतात. बाळ दवाखान्यातून घरी येण्याआधीच विचारावं.

राहिले गोंगाटात काम करणारे: इचलकरंजी-भिवंडीचे यंत्रमाग कामगार, ढोल पथकांतली पोरं. ८५ डेसिबल आठ तास ही साधारण सुरक्षित मर्यादा. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. यांनी कामाला लागतानाच एक ऑडिओग्राम काढून ठेवावा आणि दरवर्षी नवा त्याच्याशी ताडून पाहावा. आलेखात पहिली खाच बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास पडते, बोलणं कळेनासं होण्याच्या कितीतरी आधी. आणि तपासणी मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी ठेवू नये. थकलेला कान तात्पुरता खराब आकडा दाखवतो.